ऐकणाऱ्याचा वाटा

उत्तम संगीत ऐकून डोळे पाणावले, म्हणजे आपली उपासना झाली काय?

जर्मनीत जन्मलेल्या हँडेलचा ‘मसीहा’ प्रथम डब्लिन शहरी १३ एप्रिल १७४२ रोजी सादर झाला. उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी व दोन रुग्णालयांसाठी ठेविले होते. अधिक लोक मावावेत म्हणून स्त्रियांनी झग्याचा घेर फुगविणाऱ्या कड्या व पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती आधीच करण्यात आली. सुमारे ७०० श्रोते दाटीने बसले. त्या पैशांतून १४२ कैदी सुटले, असे सांगतात.

स्वर हँडेलचे होते, पण त्या सुटकेत ऐकणाऱ्यांचाही वाटा होता. त्यांनी आपला डौल आवरला, म्हणून इतरांना जागा झाली. न्याय नसेल तर देवाला आपली गीतेही गोंगाटच वाटतात, हे आमोस संदेष्ट्याने फार पूर्वी बजावले आहे.

येथे अंबरपेठेत नाताळच्या गायनाला आपण पुढची खुर्ची धरून बसतो, तेव्हा मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतो काय? हृदय हलविणारे संगीत हे देवाचे दान आहे. शेजाऱ्याला जागा देणे हे आपले काम आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना गीत शिकविण्याआधी ही गोष्ट अवश्य सांगावी.