खर्ज सांभाळणारे

शास्त्रपाठ : १ इतिहास १५:१६-२४



फरीदाबाद येथे आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक लहानशी संगती आहे. रविवारी सायंकाळी एका घरच्या दिवाणखान्यात आम्ही उपासनेसाठी जमतो. पेटी, ढोलकी, एक गिटार व कोपऱ्यात बास गिटार, एवढाच आमचा वाद्यमेळ. ही बास गिटार अकरा वर्षे एकच तरुण वाजवत असे. तो येथील एका कारखान्यात कामाला होता. गेल्या वर्षी कारखान्यातील माणसे कमी झाली, त्यांत त्याचीही नोकरी गेली आणि तो बायकामुलांसह पुण्यास परत गेला. निरोपाच्या दिवशी आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, चहा घेतला, मुलांना खाऊ दिला. त्याच्या अकरा वर्षांच्या वादनाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. मीही काढले नाही.

पुढच्या रविवारी पहिल्याच गीतात आम्हांला त्याचे उत्तर मिळाले. दुसऱ्या कडव्यापर्यंत पेटी पुढे धावली, ढोलकी मागे राहिली, गाणाऱ्यांचे दोन तट पडले. काय बिघडले ते कोणाला सांगता येईना. शेवटी एक वृद्ध बंधू कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाले, "आज खाली जमीनच नाही."

घर हलवण्याच्या खर्चासाठी त्या तरुणाने आपले वाद्य विकावयास काढले होते व त्याला हातभार म्हणून ते मी चार हजार रुपयांस घेऊन ठेवले होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, गिटारीचा गंधही नसता, मी ते कपाटावरून खाली काढले आणि त्याला फोन केला. तो हसला नाही. म्हणाला, "मावशी, आधी वाजवायला शिकू नका. आधी सांभाळायला शिका."

बास गिटारीला चार जाड तारा असतात. साध्या गिटारीच्या वरच्या चार तारांचे जे स्वर, तेच स्वर बरोबर एक सप्तक खाली ह्या तारांवर लावतात. सर्वांत जाड तार एका सेकंदात सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा स्वर इतका खोल, की मोबाईलच्या लहानग्या स्पीकरमधून तो जवळजवळ ऐकूच येत नाही. आमच्या उपासनेची कित्येक ध्वनिमुद्रणे मी फोनवर ऐकली आहेत. त्यांत पेटी आहे, माझा स्वतःचा आवाज आहे. तो तरुण कोठेच नाही. जो कोणाला ऐकू येत नव्हता, त्याच्याच आधाराने आम्ही सारे स्वरात राहत होतो.

ताणलेल्या चार तारा वाद्याची मान सुमारे ऐंशी किलोंच्या ओढीने पुढे खेचत असतात. ती वाकू नये म्हणून लाकडाच्या आत एक पोलादी सळई बसवलेली असते. ती उलट दिशेने जोर धरते. फरीदाबादच्या जेठातल्या लूने लाकूड सुकते, श्रावणात तेच ओल पिते, आणि मान कधी पुढे तर कधी मागे झुकते. मी वाद्य उघडले तेव्हा ते धुळीने भरले होते आणि तारा बोटभर वर उचलल्या गेल्या होत्या. षट्कोनी पान्याने सळई कसावयाची ती पाव वळसाच, आणि मग एक दिवस थांबावयाचे, हे त्याने मला फोनवर तीनतीनदा बजावले. घाई केली तर सळई तुटते व मान कायमची जाते. आवाजात येणारी खरखर सैल झालेल्या एका तारेमुळे होती. पाच नंबरच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका सरदारजींनी कथिलाच्या एका थेंबाने ती झाळून दिली. वाजवून झाल्यावर तारांवरचा घाम दररोज कोरड्या फडक्याने पुसावा लागतो, नाहीतर त्या गंजून मुक्या होतात. अकरा वर्षे हे सारे कोण करीत होते? उपासनेला आम्ही सहा वाजता येत असू. तो साडेपाचला येऊन स्वर लावीत बसलेला असे. मला वाटे, त्याला लवकर येण्याची सवयच आहे.

हे शिकत असतानाच अनुवादाच्या मेजावर इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय माझ्यासमोर आला. देवाचा कोश यरुशलेमेस आणण्याचा पहिला प्रयत्न फसला होता. त्या वेळीही वाद्ये होती, उत्साह होता, पण व्यवस्था नव्हती, आणि उज्जाचा मृत्यू झाला. दुसऱ्या वेळी दाविदाने प्रत्येकाचे काम नेमून दिले. तिघांकडे पितळी झांजा दिल्या. आठ जणांना 'अलामोथ' ह्या सुरावर नेमले. हा शब्द तरुणीवाचक शब्दापासून आला असल्याने तो उंच स्वर असावा. उरलेल्या सहा जणांना 'शमीनीथ' ह्या सुरावर नेमले. शमीनीथ म्हणजे 'आठवी'. कोणी तिचा अर्थ आठ तारांचे वाद्य असा करतात, पण उंच स्वराच्या जोडीस ती आल्यामुळे अनेक अभ्यासक तिला खालचा स्वर, आपल्या भाषेत खर्ज, समजतात. सहाव्या व बाराव्या स्तोत्रांच्या शीर्षकांतही हाच शब्द आहे.

परंतु माझी लेखणी थांबली ती एकविसाव्या वचनाच्या अखेरच्या शब्दावर. ह्या सहा जणांचे काम सांगताना मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'चालवणे', 'पुढारीपण करणे' असा आहे. स्तोत्रांच्या आरंभी ज्या मुख्य गवयाचा उल्लेख येतो, ती पदवी ह्याच धातूपासून झालेली आहे. मंदिराच्या बांधकामावर नेमलेल्या मुकादमांसाठीही हाच शब्द आहे. तेव्हा मी वाजवीत असलेल्या वाद्याचे काम शास्त्राने केव्हाच सांगून ठेवले होते : खालचा स्वर धरणारे गायन चालवीत होते.

आणि हे चालवणारे कोण? आसाफाच्या नावाने बारा स्तोत्रे आहेत. खर्जातल्या अलीफलेहू व मिकनेया ह्यांची नावे मात्र ह्या अध्यायाबाहेर पवित्र शास्त्रात कोठेही आढळत नाहीत. त्याच सहांतील ओबेद-अदोम व यइएल ही दोन नावे अठराव्या वचनात द्वारपाळांच्या यादीत आहेत. ज्यांनी दार राखावयाचे, त्यांनीच खालचा स्वर राखावयाचा. दोन्ही कामांत लोकांचे तोंड दुसरीकडे असते.

प्रिय वाचकहो, येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. अनुवादकाचे नाव शास्त्राच्या प्रतीवर छापत नाहीत. ती रीत योग्यच आहे, पण माझ्या मनात कित्येक वर्षे ह्याविषयी एक सल होता. एका शब्दासाठी आम्ही आठवडे घालवतो. मंडळी ते वचन वाचते, पाळक त्यावर उपदेश करतात, पण आमची आठवण कोणाला असते, असे मी देवाजवळ कुरकुरत असे. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण शास्त्राचा मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या १९२२ मधील निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले, तो छापला. रमाबाईंचे नाव आपण सारे जाणतो. त्या स्त्रियांपैकी किती जणींची नावे आपणांस सांगता येतील? स्वतःच्या न छापलेल्या नावासाठी झुरणारी मी, माझ्यापासून चार हातांवर बसून अकरा वर्षे खर्ज सांभाळणाऱ्या माणसाला एकदाही 'बरे वाजवलेस' म्हणू शकले नाही. आपली उपेक्षा झाली हे मनुष्याला चटकन् समजते. आपणही कोणाची उपेक्षा केली आहे, हे समजावयास मला एक रिकामी खुर्ची लागली.

पौलाने करिंथकरांस शरीराचा दाखला दिला तेव्हा दुबळे दिसणारे अवयव अधिक आवश्यक असतात असे तो सांगतो, आणि कमी मानाच्या अवयवांस देव अधिक मान देतो असेही सांगतो (१ करिंथ. १२:२२-२४). देव मान देतो, म्हणून आपण द्यावयास नको, असा त्याचा अर्थ नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तोच पौल एकेका सहकाऱ्याचे नाव घेऊन सलाम सांगतो; एवढेच नव्हे, तर पत्र लिहून घेणारा तर्तियही तेथे स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. ज्या लेखकाने इतिहासाचे पुस्तक लिहिले त्याने मिकनेयाचे नाव गाळले नाही. एकाच अध्यायात का होईना, त्याने ते लिहिले.

मी त्या तरुणाला फोन केला. सळईविषयी विचारावयास नव्हे. क्षमा मागावयास आणि आभार मानावयास. बराच वेळ पलीकडून काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "मावशी, मी समजत होतो की कोणाला कळतच नाही." पुण्यास त्याला काम मिळाले आहे, वाद्य मात्र नव्हते. मागच्या महिन्यात पुण्यास जाणाऱ्या एका कुटुंबाबरोबर मी त्याची बास गिटार नीट पुसून, तारा सैल करून, परत पाठवली. दिलेले चार हजार परत घेण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्यासाठी मी दर्यागंजातून दुसरी जुनीच आणली आहे. तिचीही मान वाकलेली आहे. रोज पाव वळसा.

आपल्या मंडळीतही असे कोणी असतील. उपासनेपूर्वी सतरंजी घालणारे, नळाची गळती स्वतःच्या पैशाने दुरुस्त करणारे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढून सकाळी गुपचूप कामावर जाणारे. त्यांचा निरोपसमारंभ होण्याची वाट पाहू नका. ह्या रविवारी त्यांच्याजवळ जा व नाव घेऊन बोला. आणि तुम्ही स्वतः असे सेवक असाल, तर तार पुसून ठेवा, स्वर लावून ठेवा. तुम्ही मागे नाही. गायन तुम्ही चालवीत आहा.

हे प्रभू, जे तुला ऐकू येते ते आम्हांसही ऐकू येवो. आमेन.