न उगवलेले बी



आज सामान्य काळातील पंधरावा रविवार. मत्तयच्या शुभवर्तमानातला पेरणाऱ्याचा दाखला (13:1-23) दर तीन वर्षांनी याच रविवारी आपल्या कानी पडतो. फुलंब्रीच्या शिवारात या दिवसांत कोणी मक्यात कोळपे धरलेले असते, तर कोणी कपाशीच्या नांग्या भरत असतो. ज्याच्या तासातासात नांग्या पडल्या आहेत, त्याला हा दाखला फोड करून सांगावा लागत नाही. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : चूक कोणाची? बियाण्याची, जमिनीची, पावसाची, की माझी?

माणसांच्या बाबतीतही आपण हाच प्रश्न विचारतो, फक्त उत्तर फार लवकर देतो. एखादा मुलगा शाळा सोडतो, दारूला लागतो, मिस्साला यायचे बंद करतो, आणि आपण म्हणतो, "खाण तशी माती." नाहीतर, "पेरावे तसे उगवते." म्हणी खोट्या नाहीत, पण अर्ध्याच खऱ्या आहेत.

2020 चा खरीप आठवा. मराठवाड्यात कितीतरी शेतांत सोयाबीन उगवलेच नाही. पहिला निकाल बांधावरच लागला : घाई केली, खोल पेरले. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका, असे कृषी खाते सांगतच असते. पण हे सगळे पाळणाऱ्यांचीही शेते रिकामी राहिली. आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2019 मध्ये, काढणीच्या वेळी पीक पावसात सापडले होते. सोयाबीनचे साल पातळ. शेंगेत भिजलेला दाणा वरून बरा दिसला तरी आतून दुबळा होतो. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते योग्यच झाले. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के असावी, असा नियम आहे. दुबळे बी जाणूनबुजून विकून वर "देवाची मर्जी" म्हणणे हे देवाचे नाव व्यर्थ घेणेच आहे. तेव्हा परिस्थितीचे कारण सांगून प्रत्येकाला मोकळे सोडावे, असे मला म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की निकालाआधी तपास हवा.

तपास कसा करायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. पोत्यातून सरसकट शंभर दाणे घ्यायचे, टपोरे निवडायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. आठवडाभराने उघडून मोजायचे. यात कोणती गोष्ट मला फार मोलाची वाटते? शंभरही दाण्यांना ओल सारखी, ऊब सारखी, हवा सारखी. म्हणूनच न उगवलेल्या दाण्याविषयी काही बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. एक दाणा ओल्यात आणि एक फुफाट्यात टाकून "हा चांगला, तो वाईट" असे कोणता शेतकरी म्हणेल? मग शेजारच्या दोन घरांतल्या मुलांची तुलना आपण कशाच्या आधारावर करतो? एकाच्या घरात रात्री दिवा आणि पुस्तक आहे. दुसऱ्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, आणि तो आजीजवळ.

दाखल्यातल्या वाटेचेच पाहा. प्रभू येशू वाटेला दोष देत नाही. वाट काही जन्मतः वाट नसते. ती त्याच शेतातली माती असते. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ती टणक होते. ते पाय कोणाचे? फार दिवसांनी मिस्साला आलेल्या तरुणाकडे आपण "आज कसा काय उगवला?" अशा नजरेने पाहतो, तेव्हा एक पाऊल आपलेही पडलेले असते.

आणि जे उगवले नाही ते मेले, असेही नसते. इस्राएलमधील मसादा किल्ल्याच्या उत्खननात 1960 च्या दशकात खजुराच्या काही बिया सापडल्या. चाळीसएक वर्षे त्या नुसत्या जपून ठेवलेल्या होत्या. 2005 मध्ये डॉ. सारा सॅलन आणि इलेन सोलोवे यांनी त्यांतल्या तीन बिया भिजवून, खतपाणी देऊन लावल्या. एक उगवली. तपासणीत तिचे वय सुमारे दोन हजार वर्षे ठरले, म्हणजे जवळजवळ प्रभूच्या काळातले बी! कोरड्या जागेत ते इतकी वर्षे पडून होते. त्या झाडाला नाव दिले मथुशलह. अर्थात तीनपैकी दोन बिया उगवल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तपासाचा प्रत्येक निकाल आपल्या मनासारखा लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (13:6-9) अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून मालक तोडायला सांगतो. माळी झाडाची बाजू घेऊन भांडत नाही. झाड चांगले आहे, असेही तो म्हणत नाही. तो एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात काय करणार तेही सांगतो : भोवती खणीन, खत घालीन. मग पुढच्या हंगामात पाहू.