पुस्तकाचं तोंड

पहिलीच्या वर्गात गोष्ट वाचून दाखवणाऱ्या बाईंचे हात नीट पाहावेत. पुस्तक त्यांच्या हातात असतं, पण त्याचं तोंड त्यांच्याकडे नसतं. उघडी पानं मुलांकडे वळवलेली, पुस्तकाची कड मांडीवर टेकवलेली, आणि बाई मान वाकवून, तिरक्या नजरेनं, निम्म्या पाठांतरावर ओळी वाचत असतात. मान अवघडते, मधूनच एखादा शब्द निसटतो. समोर सतरंजीवर बसलेल्या मुलांना मात्र सगळं सुलट दिसत असतं. मोठी माणसं आयुष्यभर पुस्तक स्वतःकडे तोंड करून धरतात. इथे ते दुसऱ्यासाठी वळवलेलं असतं. प्राथमिक शाळेतलं वर्गवाचनालय कसं असावं, या प्रश्नाचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या वळवण्यापाशी येऊन थांबतो.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा चित्रं दाखवून सांगत आले आहेत. सुट्या कागदांवर प्रसंग रंगवलेले असतात. कथेकरी जमिनीवर बसतो, चित्र श्रोत्यांकडे तोंड करून उभं करतो, वाद्यांच्या साथीनं गातो, सांगतो आणि प्रसंग पुढे सरकला की चित्र बदलतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. चित्रांच्या त्या गठ्ठ्याला चित्रकथी ‘पोथी’ म्हणतात. पाहणं हेही वाचणंच आहे, हे ज्यांना अक्षरांची शाळा फारशी मिळाली नाही त्यांनी भाषेत नोंदवून ठेवलं.

युरोपात हीच जाण छापील पुस्तकात उतरली ती 1658 मध्ये. कोमेनियस या शिक्षणचिंतकाचं ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ तेव्हा न्यूरेंबर्गला छापलं गेलं. दीडशे चित्रं, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि त्याच आकड्यापुढे त्या वस्तूचं लॅटिन आणि जर्मन नाव. शब्द शिकवायचं पुस्तकच ते. पण प्रस्तावनेत कोमेनियस सांगतो, की मूल शाळेत जाण्याआधीच हे त्याच्या हाती द्यावं आणि त्याला वाटेल तशी चित्रं पाहू द्यावीत. धडा नंतर येईल, आधी हात लागू दे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजच्या पुष्कळ शाळांच्या पुढे आहे.

मराठीत मुलांसाठी छापील पुस्तकं आली ती एकोणिसाव्या शतकात. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ 1828 चं. त्या पिढीचं ऋण मोठं आहे, कारण मुलांसाठी वेगळं लिहावं लागतं हे तिनं ओळखलं. तरी त्या पुस्तकांचं तोंड बोधाकडे होतं. मूल चांगलं व्हावं म्हणून ती लिहिली गेली. मुलाला काय पाहायचं आहे, हा प्रश्न विचारला जायला पुढे बराच काळ जावा लागला.

वर्गवाचनालयासाठी पुस्तकं निवडताना एक फरक मनाशी पक्का हवा. चित्रपुस्तक वेगळं आणि मुलानं स्वतः वाचायचं पहिलं पुस्तक वेगळं. चित्रपुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं असतं. त्यात शब्दाला आवाज शिक्षकाचा मिळतो, म्हणून भाषा मुलाच्या वाचनशक्तीच्या कितीही पुढची असली तरी चालते. दुसरं पुस्तक मूल एकटं हाती घेणार, म्हणून त्यात ओळी थोड्या, अक्षरं मोठी, वाक्यं आटोपशीर. पहिल्याशिवाय मुलाला वाचायची ओढ लागत नाही आणि दुसऱ्याशिवाय ती ओढ पुरी होत नाही. खरेदीच्या यादीत मात्र दोन्ही ‘गोष्टीची पुस्तकं’ या एकाच ओळीत येतात, आणि मग आठ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली, बारीक टाइपातली, चित्र नावापुरतं असलेली पुस्तकं पहिलीच्या वर्गात येऊन पडतात.

चांगल्या चित्रपुस्तकाचं बळ कशात असतं, हे समजून घ्यायला पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’ उघडावं. 1968 चं हे इंग्रजी पुस्तक. सगळे मिळून शब्द बत्तीस, आणि वाक्य एकच. एक कोंबडी फेरफटका मारायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण असं करत जेवणाच्या वेळेला घरी परत येते. शब्द एवढंच सांगतात. पण पहिल्या चित्रापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे. दर वेळी तो झेप घेतो आणि दर वेळी फजित होतो. कधी तळ्यात पडतो, कधी गंजीखाली गाडला जातो, शेवटी मधमाश्या त्याला पिटाळून लावतात. कोंबडी एकदाही मागे वळून पाहत नाही. आणि शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा नाही.

आता हे पुस्तक मुलांकडे तोंड करून वाचलं तर काय होतं? वाचणाऱ्या बाई अगदी सरळ आवाजात सांगतात की कोंबडी तळ्याकाठानं गेली. वर्ग ओरडतो, “बाई, कोल्हा!” ज्याला एकही अक्षर येत नाही त्या मुलाला मजकुरापेक्षा जास्त माहीत असतं. वाचनाचा सगळ्यात अवघड धडा त्यानं अक्षरओळखीच्या आधीच घेतलेला असतो: मजकूर सगळं सांगत नसतो, उरलेलं आपण भरायचं असतं. मोठेपणी आपण कविता वाचतो, करारनामा वाचतो, वर्तमानपत्रातलं निवेदन वाचतो तेव्हा हेच करतो. शब्द आणि चित्र यांच्यामध्ये मोकळी ठेवलेली जागा ही मुलासाठी ठेवलेली जागा असते. मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या 1963 च्या पुस्तकात तर मुलाची कल्पना जसजशी रंगते तसतशी चित्रं पानभर वाढत जातात, आणि ऐन भरात तीन जोडपानं एकाही शब्दाशिवाय येतात. तिथे वाचणाऱ्यानं गप्प बसायचं असतं. चांगल्या शिक्षकाला ही शांतता सांभाळता येते. त्या पानांवर तो प्रश्न विचारत नाही, तात्पर्य काढत नाही, पान उलटायचीही घाई करत नाही.

म्हणून चित्र सजावटीसाठी नसतं. ज्या पुस्तकातलं चित्र झाकलं तरी काही उणं होत नाही, ते सचित्र पुस्तक असेल, चित्रपुस्तक नव्हे. मराठीत ही समज माधुरी पुरंदरे यांच्या कामात ठळक दिसते. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘चित्रवाचन’ आहे. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं जशी बोलतात तशीच भाषा आहे. मुलाला आपलं घर पुस्तकात सापडणं ही साधी गोष्ट नव्हे. पुस्तकात आपल्यालाही जागा आहे, हे त्यातूनच त्याला कळतं.

दुसऱ्या जातीच्या पुस्तकाची अडचण निराळी आहे. मूल एकटं वाचू शकेल असं लिहायचं म्हणजे शब्दांवर बंधनं आली. ही बंधनं पाळूनही जिवंत पुस्तक होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण डॉ. सूस यांच्या 1957 च्या ‘द कॅट इन द हॅट’चं आहे. त्यात निरनिराळे शब्द अवघे 236. इंग्रजीत अडथळा स्पेलिंगचा, म्हणून तिथे शब्द मोजले गेले. मराठीत लिहिलं तसं बहुतेक वाचता येतं. आपला अडथळा काना-मात्रा-वेलांटीचा आणि जोडाक्षरांचा. त्यावर आपण काढलेला उपाय सगळ्यांना आठवत असेल: आधी बिनकान्यामात्रेचे शब्द, आणि त्यांचीच वाक्यं. शरद, घर बघ. मदन, जवळ बस. वाक्य बिनचूक असतं, पण ते कुणी कुणाला का म्हणावं, याला उत्तर नसतं. असं वाक्य अक्षरांच्या सोयीसाठी उभं असतं, त्याचं तोंड मुलाकडे नसतं.

एकदा मी सहज हिशेब मांडला. जोडाक्षरं पूर्ण टाळून मुलांसाठी लिहायचं ठरवलं तर कोणते शब्द गमवावे लागतील? कुत्रा गेला. रस्ता, दप्तर, मित्र, चंद्र, सूर्य, उद्या गेले. अण्णा आणि पप्पा गेले. गोष्ट गेली, चित्र गेलं आणि पुस्तकही गेलं. ज्या नियमात ‘पुस्तक’ हा शब्दच बसत नाही त्या नियमानं मुलांचं पुस्तक कसं लिहायचं? जोडाक्षर कठीण असतं ते अनोळखी शब्दात. कुत्र्याचं चित्र समोर असेल आणि गोष्ट त्याचीच असेल, तर सहा वर्षांचं मूल ‘कुत्रा’ हा शब्द अख्खा उचलतं. त्यातला ‘त्र’ त्याच्या ध्यानात पुढे केव्हातरी येतो. सोपेपणा अक्षरांच्या मोजणीतून कमी आणि ओळखीतून जास्त येतो. ‘एनसीईआरटी’ची ‘बरखा’ ही हिंदी पुस्तकमाला याच जाणिवेनं रचलेली आहे. चाळीस छोट्या पुस्तिका, चार पायऱ्या, पाच विषय, आणि पुन्हा पुन्हा भेटणारी तीच मुलं, त्यांच्या रोजच्या घडामोडी. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या ऑनलाइन पुस्तकसंग्रहातही पुस्तकांच्या चार पायऱ्या आहेत. या पायऱ्यांचा उपयोग शिक्षकानं करावा. मात्र त्या मुलाच्या वाटेत आडव्या येऊ नयेत. दुसऱ्या पायरीवरच्या मुलीला चौथ्या पायरीवरचं पुस्तक मगरीच्या चित्रासाठी हवं असेल, तर ते तिचंच आहे.

ओळखीचा प्रश्न पुढे भाषेपाशी जातो. पालघरच्या पाड्यावरचं मूल घरी वारली बोलतं, मेळघाटातलं कोरकू, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया. पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी अक्षरांइतकीच नवी असते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, दगड हे साहित्य झालं. आपल्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी शाळेचं तोंड वळवलं. अशा वर्गात शब्द नसलेलं चित्रपुस्तक सोन्याच्या मोलाचं असतं, कारण ते मुलाला त्याच्या भाषेत सांगता येतं. मूल सांगेल, बाई फळ्यावर लिहितील, आणि त्या वर्गाचं पहिलं वाचायचं पुस्तक तिथेच तयार होईल.

आता कपाटाकडे येतो. माझ्या प्राथमिक शाळेत पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं. काचेतून आम्हांला पुस्तकांच्या पाठी दिसायच्या, उभ्या, एकीला एक चिकटलेल्या, त्यांवर बारीक आडवी अक्षरं. चार वर्षांत त्यातलं एकही पुस्तक माझ्या हाती आलं नाही. कुलूप लावणाऱ्या गुरुजींना मी आज दोष देत नाही. प्रत्येक पुस्तकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होती, आणि हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागणार होता. पण ज्या नोंदवहीत पुस्तक ‘जडवस्तू’ म्हणून चढतं, तिच्या धाकात ते जडवस्तू होऊनच राहतं.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिला नियम, पुस्तकं वापरासाठी असतात. एवढी उघड गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली? युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळदंडानं बांधलेली असत, ते त्यांच्यासमोर होतं. आपल्याकडे साखळीच्या जागी कुलूप आलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत असं घालून दिलं. पुस्तकं शाळेत पोचवणं कायद्याला जमतं. शाळेच्या कपाटातून मुलाच्या मांडीपर्यंतचं अंतर शिक्षकालाच काढावं लागतं.

आणि ते अंतर पुष्कळदा एका सुतळीनं सरतं. कितीतरी शाळांत शिक्षकांनी भिंतीलगत दोऱ्या बांधल्या आहेत. त्यांवर पुस्तकं मधोमध उघडून टांगलेली असतात किंवा चिमट्यांनी अडकवलेली, मुखपृष्ठ बाहेर, मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तकाची पाठ काही सांगत नाही, मुखपृष्ठ मात्र बोलावतं. म्हणून एकाआड एक कोंबलेल्या दोनशे पुस्तकांपेक्षा तोंड दिसेल अशी मांडलेली वीस, आणि दर पंधरवड्याला त्यांतली काही बदललेली, ही मांडणी मला खरी वाटते. मुलांच्या आवडीच्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असाव्यात, कारण चांगलं पुस्तक एकट्यानं वाचून मुलांचं भागत नाही. देवाणघेवाणीची वही मुलांनीच लिहावी. ज्याला अजून नाव लिहिता येत नाही त्यानं पुस्तकावरचं चित्र काढावं.

पुस्तकं फाटतील. कोपरे दुमडतील, मधली पिन निघेल, कोल्ह्याच्या पानावर तेलकट बोटं उमटतील. वर्षअखेरीला कोरं राहिलेलं पुस्तक पाहून आपल्याला काळजी वाटली पाहिजे. फाटलेल्यांसाठी वर्गात खळीची वाटी आणि चिकटपट्टी ठेवावी, आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलांनीच पुस्तकांची डागडुजी करावी. ज्यानं पान चिकटवलं तो ते पान पुन्हा फाडत नाही.

गुरुजी, बाई, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतली आई-वडील मंडळी, तुम्हां सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. उद्या शाळा भरल्यावर कपाट उघडा. त्यातली दहा पुस्तकं काढा आणि मुलांकडे तोंड करून मांडा. अकरावं तुमच्या मांडीवर, मुलांकडे वळवून धरा आणि वाचा. फाटलेलं पान खळीनं जोडता येतं. मुलाचं पहिलीचं वर्ष मात्र एकदाच येतं.