सेवा आणि नकाराचा अधिकार

परमुलखात जाऊन केलेली सेवा ही आपोआपच निर्मळ, असे मानण्याकडे आपला कल असतो. आम्हांस मात्र आधी हे विचारावेसे वाटते, की जिची सेवा करावयाची त्या वस्तीला ‘नको’ म्हणण्याची मुभा असते काय?

पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात पहिले आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरविले. स्वयंसेवकांत जर्मनही होते. कालच्या शत्रूने येऊन घर बांधावे, हीच त्यातील कल्पना. त्यांनी लाकडी निवारे उभारले, गोळ्यांनी उखडलेली शेते सपाट केली. तरी जर्मनांचे हात कित्येकांना सोसवेनात, आणि काही महिन्यांतच शिबिर उठले. गावकऱ्यांना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरची माणसे नुकतीच मारली गेली, त्याने क्षमा कोणत्या तारखेला करावी हे पाहुण्याने ठरवावयाचे नसते. सेरेसोल निघून गेले, यातच त्यांचा मोठेपणा आम्हांस अधिक दिसतो. पुढे १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारात आले, राजेंद्रप्रसादांना भेटले, आणि मुजफ्फरपूरच्या मुलखात पुरापासून दूर नवी वस्ती उभारण्यासाठी मोजक्या सोबत्यांसह राबले.

कायद्याची एक गोष्ट येथे आठवते. (वकिलाची खोड, वाचकांनी चालवून घ्यावी.) १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७० सांगते, की फुकट करण्याचा हेतू नसता दुसऱ्यासाठी रीतसर केलेल्या कामाचा त्याने लाभ घेतला, तर भरपाई द्यावी. परंतु तो लाभ नाकारण्याची त्यास मोकळीक हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली एका निकालात स्पष्ट केले. मोबदला मागणाऱ्यावर हे बंधन आहे. मग जो काहीच मागत नाही, तो त्यातून सुटला काय? उलट आम्हांस वाटते, पैसे मागणाऱ्याला नकार देता येतो. फुकट देणाऱ्याला देताना जीभ अडखळते.

आज दोन-तीन आठवड्यांच्या परदेशी सेवेसाठी तरुण मंडळी मध्यस्थ संस्थांना शुल्क भरून जातात. शुल्क भरणारा गिऱ्हाईक झाला, की काम त्याच्या सुट्टीप्रमाणे ठरू लागते, आणि शाळेची भिंत बांधावयास गवंडी गावातच असला तरी तो बाजूला उभा राहतो. अशी मंडळी कधी सल्ल्यास आली, तर आम्ही शुल्काची पावती पाहत नाही. त्या गावाने तुम्हांला बोलावल्याचे पत्र आहे काय, एवढेच विचारतो.