सोबत आणि सहाबा

आपल्या वाशीम जिल्ह्यात रात्री तुरीच्या राखणीला निघालेला शेतकरी शेजाऱ्याला म्हणतो, 'सोबतीला चल.' हा 'सोबत' शब्द मूळचा अरबी 'सुहबत'. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. स्वाद, हे, बे या त्याच तीन अक्षरांच्या धातूपासून 'सहाबी' आणि त्याचे अनेकवचन 'सहाबा' हे शब्द बनले. 'साहेब'ही याच घराण्यातला. मुळात त्याचा अर्थ सोबती. पुढे तो खुर्चीवर जाऊन बसला!

प्रेषित मुहम्मद (स.) यांना श्रद्धावंत म्हणून जो भेटला आणि श्रद्धेवरच ज्याचा अंत झाला, तो सहाबी. डोळ्यांनी पाहण्याची अट नाही, अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते, तरीही ते सहाबी.

इ.स. 622 मध्ये हिजरतची अनुमती आली, तेव्हा आदरणीय अबू बकर (रजि.) यांनी एकच मागणे मागितले : सुहबत. होकार मिळताच त्यांना आनंदाश्रू आवरेनात. वस्तुतः मक्केतील विरोधक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठलेले होते, ती सोबत म्हणजे प्राणावरचे संकट. सौर गुहेत दोघांनी तीन रात्री काढल्या. पवित्र कुरआनच्या सूरह तौबामधील 40व्या आयतीत या सोबत्यासाठी 'साहिब' हाच शब्द आला आहे.

वाचकहो, गावचा कोणी अकोल्याच्या दवाखान्यात भरती होतो आणि आपण फोनवर दुआ देऊन मोकळे होतो. दुआ हवीच. पण तेथे विचारतात, 'रुग्णासोबत कोण आहे?'