मधेच थांबलेल्याचं काय?

आजचं चिंतन: गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०



खरं सांगतो, बाबा गेल्यापासून माझं वाचन चालू आहे ते सवयीने. श्रद्धा उरलेली नाही.

अर्जुन हेच विचारतो. श्रद्धेने निघाला, पण मन मधेच ढळलं, त्याचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? श्रीकृष्ण रागवत नाहीत. 'तात' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं, आणि सांगतात की भलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही.

चैत्रात तलासरीहून आईला घेऊन डहाणूच्या महालक्ष्मीला गेलो. तिला आता गड चढवत नाही, म्हणून चारोटीजवळ पायथ्याच्या देवळातच दर्शन घेतलं. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच: गरोदर भक्त बाईला चढ झेपेना, म्हणून देवीच खाली आली. आईचे डोळे भरले. मला काहीच वाटलं नाही. गर्दीत तिचा हात तेवढा धरून ठेवला.

श्रद्धा ओढूनताणून आणायची नाही, ते नाटक होईल. पण कृष्णाने उत्तरात भलं करण्याबद्दल सांगितलं, खात्री असण्याबद्दल नाही. तेवढं मला जमण्यासारखं आहे. बाकीचा चढ आज झेपत नाहीये. पायथ्याशी मात्र थांबलोय.