दहापैकी आठ

गेल्या मे महिन्यात आमच्या ओटीवर एक मोठा कागद पसरला होता. टोरान्टोहून सुटीवर आलेल्या माझ्या लेकीने पट्टीने रेघा मारून त्याचे रकाने पाडले होते. वर चार क्रूझ कंपन्यांची नावे आणि डाव्या बाजूला तुलनेचे मुद्दे: भाडे, जहाजाचा आकार, जेवण, बक्षिसी आणि सर्वांत खाली सेवा. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला मिळून एकदा समुद्रपर्यटनास न्यायचे, असे तिने मनावर घेतले होते. पहिल्या चार ओळी भराभर भरल्या. शेवटच्या ओळीपाशी मात्र तिची पेन्सिल अडली. सेवा मोजायची कशाने?

तसे पाहता सेवा मोजणारे जाणकार जगात आहेत. डग्लस वॉर्ड ह्या ब्रिटिश लेखकाने १९८५ पासून कित्येक वर्षे बर्लिट्झ प्रकाशनाच्या मार्गदर्शक ग्रंथासाठी जहाजांची परीक्षा घेतली. एकेका जहाजाला २००० पैकी गुण, आणि त्यांत सेवेचा वाटा वेगळा. ज्यांना एवढ्या खोलात शिरायचे नाही त्यांच्यासाठी एक सोपे माप आहे: एका कर्मचाऱ्यामागे प्रवासी किती? शाळा पारखताना आपण शिक्षक-विद्यार्थी प्रमाण पाहतो, त्याच धर्तीचे हे गणित. रॉयल कॅरिबियनच्या 'आयकॉन ऑफ द सीज' ह्या २०२४ साली प्रवास सुरू केलेल्या अवाढव्य जहाजावर एका केबिनमध्ये दोघे ह्या हिशेबाने ५,६१० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे एकामागे जवळजवळ अडीच. सिल्व्हरसीसारख्या महागड्या कंपनीच्या सहाशे प्रवाशांच्या जहाजावर हेच प्रमाण दीडच्याही खाली येते. आमच्या कागदावर मुंबईहून सुटणारी कॉर्डेलियाही होती. तिचे 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात दाखल झालेले. २०२१ पासून ते आपल्या किनाऱ्याने फिरू लागले.

बक्षिसीची ओळ अधिक बोलकी होती. अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या नावे दररोज सुमारे पंधरा ते वीस डॉलर आपोआप मांडले जातात. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने ही वेगळी आकारणी २०१९ साली बंद करून खर्च भाड्यातच धरला. सिल्व्हरसी, सीबोर्न ह्यांच्याकडेही ती भाड्यातच असते. बक्षीस हा शब्द खुशीने देण्याचा. तो बिलात छापून आला की त्यातली खुशी कोणाची आणि किती, हे सांगणे अवघड. पण ती ऐच्छिक ठेवली तर गरीब घरच्या मुलाचा महिन्याचा हिशेब अनोळखी माणसाच्या लहरीवर टांगला जातो. मला स्वतःला छापील आकारणी बरी वाटते. निदान तिच्यात कोणाला हात पसरावा लागत नाही.

हे सारे बोलणे चालू असताना माझा भाचा, म्हणजे ह्याच बहिणीचा मुलगा, पायरीवर बसून आंबा खात होता. तो जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे. आमच्या वसईतली कितीतरी मुले आज ह्या कामावर आहेत आणि गोव्यात तर ही परंपरा फार जुनी. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर गोवेकर आचारी आणि स्टुअर्ड पिढ्यान्पिढ्या राबले. दोन सफरींच्या मधल्या काळात ते मुंबईला धोबीतलावच्या 'कुडां'त राहत, तेथील वेदीपुढे संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहत. त्यांच्या तारवटी ह्या नावात एकेकाळी मान होता तसा हुरहुरीचा सूरही होता.

मी सहज आठवण सांगितली. काही वर्षांपूर्वी लेकीबरोबर रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून मी सात दिवसांची सफर केली होती. शेवटच्या रात्री प्रत्येकाला मतपत्रिका मिळाली. मी निवृत्त शिक्षिका. गुणदान हा माझा उभ्या आयुष्याचा व्यवसाय. चष्मा लावून, विचार करून मी एकेक घर भरले. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाला दहापैकी आठ दिले. कामात तो चोख होता, पण तिसऱ्या दिवशी मागितलेली जादा शाल तो विसरला आणि ती मला दुसऱ्यांदा मागावी लागली. आमच्या शाळेत पंचाहत्तर टक्क्यांना प्रावीण्यश्रेणी मिळे. तेव्हा ऐंशी टक्के म्हणजे मी त्याचा गौरवच केला होता.

भाच्याने हात पुसले. "मावशी, आठ दिलेस?" त्याने विचारले. "आमच्या बोटीवर नऊ आणि दहा एवढेच गुण धरतात. आठ म्हणजे नापास. आठ आले की सकाळच्या बैठकीत नाव वाचतात. तीनदा नाव वाचले तर पुढचे काँट्रॅक्ट मिळेल की नाही, ह्याची झोप उडते."

ज्या जहाजावर मी होते तेथेही हाच नियम होता का, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या तरुणाच्या छातीवरची पट्टी मला आठवत होती. तिच्यावर त्याचे नाव होते आणि खाली देशाचे. देश आठवतो, नाव आठवत नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ त्याने माझे अंथरूण घातले. माझ्या जपमाळेला धक्का लागू नये म्हणून ती उशीशेजारी तो रोज निगुतीने ठेवी. मी मात्र त्याच्याकडे पाहिले ते परीक्षकाच्या नजरेने.

आता प्रश्न असा की, मी दहा द्यायला हवे होते का? सर्वांनाच दहा दिले तर गुणांना अर्थ उरत नाही, हे मी चौतीस वर्षे मुलांच्या पालकांना सांगत आले. आठ हे माझे खरे मत होते, आजही आहे. पण मी आठ लिहिले आणि कोणीतरी ते 'नापास' असे वाचले असेल, तर माझे सत्य वाटेतच खोट्यात बदलले. ज्या तराजूची दांडी वाकडी आहे हे ठाऊक झाले, त्यावर वजन ठेवताना हाताला विचार करावाच लागतो. आणि मला ते ठाऊक नव्हते ह्या सबबीने मन शांत होत नाही. कारण मी विचारलेही नव्हते.

विचारवंतांनी ह्या विषयाकडे बहुधा दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र ह्यांनी १९४३ मधील आपल्या ग्रंथात कॅफेतल्या वेटरचे उदाहरण घेतले. त्याची लगबग, त्याचे अदबीने वाकणे जरा जास्तच नेटके. जणू तो वेटर असण्याचे नाटक करीत आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड ह्यांनी विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली दाखवून दिले की, ह्या धंद्यात हातापायांच्या श्रमांबरोबर भावनाही कामाला जुंपल्या जातात. हसू हा कामाचाच भाग; ते पगारात धरलेले असते. मग आपल्या मनात शंका उभी राहते: विकत घेतलेले हसू खरे कसे असेल?

मला ही शंका तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. मीही पगार घेऊन वर्गात हसतमुखाने गेले. आई आजारी असताना, घरात अडचण असताना, कित्येक सकाळी ते हसू ओढून आणलेले होते. म्हणून ते मुलांच्या दृष्टीने खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरचा मायेचा हातही थकलेला असू शकतो. आपल्या भाषेनेही येथे भेद केलेला नाही. आजाऱ्याची सेवा आणि सरकारी सेवा ह्यांना एकच शब्द. मी स्वतः 'सेवानिवृत्त' म्हणवून घेते आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. मोबदला घेतल्याने सेवा बाटत नाही.

माझ्या आणि त्या तरुणाच्या हसण्यात फरक होता तो वेगळाच. मला रागावता येत असे. एखाद्या दिवशी मी वर्गात गंभीर राहिले, एखाद्या उद्दाम मुलाला बाहेर उभे केले, तर माझी नोकरी जात नव्हती. ज्याला न हसण्याची मुभा आहे त्याच्या हसण्याला किंमत असते. ही मुभा कोणत्या जहाजावर किती आहे, हे प्रवासी-कर्मचारी प्रमाणावरून कळत नाही आणि दोन हजार गुणांतही ते बसत नाही.

कायद्याने थोडे केले आहे, नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली संमत केलेला नाविक श्रम करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ साली तो स्वीकारला. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, असे एक माप त्यात आहे. ह्याचा उलट हिशेब मांडला की दिवसाला चौदा तासांपर्यंत काम कायद्यात बसते. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे सात-आठ महिन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये साप्ताहिक सुटी अशी नसतेच. रविवार येतो तो बहुधा जुने प्रवासी उतरण्याचा आणि दुपारपर्यंत नवे चढण्याचा. त्या तीन-चार तासांत पंधरा-वीस केबिनी नव्यासारख्या करायच्या. जहाजाच्या पोटातून लांबच लांब जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बोळाला अमेरिकेतल्या महामार्गावरून 'आय-९५' म्हणतात. वरच्या गालिच्यावरून चालताना पायाखाली असा रस्ता वाहतो आहे, हे मला सात दिवसांत एकदाही जाणवले नव्हते. त्यातच जहाज एका देशात बांधलेले, दुसऱ्यात नोंदलेले, तिसऱ्यातून सुटणारे. 'आयकॉन' फिनलंडमध्ये बांधले गेले, त्यावर ध्वज बहामासचा आणि ते सुटते मायामीहून. अशा ठिकाणी तक्रार कोणाच्या दारी न्यायची, हे वसईच्या मुलाला कोण सांगणार?

२०२० च्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात अडकले, तेव्हा हे वरचे आणि खालचे जग साऱ्या जगाला दिसले. जहाजावर ३,७११ माणसे होती; त्यांत १,०४५ कर्मचारी, आणि त्या कर्मचाऱ्यांपैकी १३२ भारतीय. संसर्गापासून वाचवण्यासाठी प्रवाशांना केबिनमध्ये बंद राहण्यास सांगितले गेले. कर्मचारी मात्र जेवणाची ताटे घेऊन दारोदार फिरत राहिले आणि रात्री एकाच खोलीत दोघे-तिघे झोपत राहिले. शेवटी ७१२ जणांना लागण झाल्याचे आढळले. त्या दिवसांतील सेवेला काय गुण द्यावेत? पैकीच्या पैकी, असे आपण उमाळ्याने म्हणू. पण नाही म्हणण्याची सोय नसलेल्या माणसाच्या सेवेचे कौतुक करताना, ती सोय त्याला का नव्हती, हा प्रश्न कौतुकाखाली बुजतो. त्यांच्यात खरेच धैर्याने उभे राहिलेले कित्येक असतील. जहाजाच्या व्यवस्थेने मात्र त्यांचे धैर्य आणि त्यांची लाचारी वेगवेगळी दिसण्याची सोय ठेवली नव्हती.

शुभवर्तमानातील पाय धुण्याचा प्रसंग ह्या निमित्ताने मी पुन्हा वाचला. आपण प्रवचनांतून ऐकतो ते सेवा करणाऱ्या प्रभूविषयी. ह्या वेळी माझे लक्ष पेत्राकडे गेले. त्याला सेवा करून घेणेच जमत नव्हते. तो अवघडला, त्याने पाय मागे घेतला. समोर वाकलेला कोण आहे हे तो ओळखून होता, म्हणूनच तो अवघडला. माझ्या केबिनमध्ये मी एकदाही अवघडले नाही. तिकिटाबरोबर मी निःसंकोचपणाही विकत घेतला होता असे दिसते. भाचा एकदा सांगत होता, युरोपातल्या एका बंदरात 'स्टेला मारिस'चे स्वयंसेवक खलाशांना भेटायला येतात. त्यांतल्या एका वृद्धाने त्याच्या छातीवरच्या पट्टीकडे न पाहता, "तुझे नाव काय?" असे विचारले. एवढ्या साध्या प्रश्नाने त्याला घराची आठवण झाली.

तर मग आमच्या कागदाचे काय? लेकीने शेवटच्या ओळीतील 'सेवा' खोडून तिथे नव्या ओळी आखायला घेतल्या: काँट्रॅक्ट किती महिन्यांचे, बक्षिसी कोणाच्या हाती जाते, आजारी पडल्यास रजा मिळते का. पुष्कळ घरे कोरीच राहिली. भाड्याची आणि जेवणाची माहिती हवी तेवढी मिळते. ही मिळत नाही. भाच्याने त्याला ठाऊक होते तेवढे सांगितले आणि एक सूचना केली. त्याच्याच कंपनीची निवड केली तर कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना भाड्यात सवलत मिळते. कदाचित त्याच्याच जहाजावर जाता येईल.

इतका वेळ माझी बहीण सुपात तांदूळ घेऊन खडे वेचीत होती. तिने मान वर केली. मुलगा अकरा वर्षे जहाजावर आहे. तो काय करतो हे तिला माहीत आहे, पण तिने ते कधी पाहिलेले नाही.

"ताई, मी आले तर माझी गादी कोण घालणार?" तिने मला विचारले.

मी उत्तर दिले नाही. भाचा हसला. "माझ्याच बाजूची केबिन मिळाली तर मीच."

"मुळीच नाही. मी उठल्याबरोबर माझी मीच घालीन."

"असे करू नकोस, आई," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "सुपरवायझर तपासायला येतो. चादरीची घडी आमच्या पद्धतीने नसेल तर माझे गुण कापतील."

बहिणीने सूप पुन्हा मांडीवर ओढले आणि ती तांदूळ निवडू लागली. लेकीने कागदाची घडी घातली. जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही.